शिडी कोणाला, गाळा कोणाला

मी, खाली सही करणारी, अविवाहित, धंदा वस्तू उसन्या देण्याचा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. आई मागे उभी राहून "काय मेलं अभद्र लिहीत बसलीये" म्हणते आहे, ते दडपण धरू नये. उद्या माझी अक्कलदाढ काढायची आहे. दंतवैद्य म्हणाले, "अहो, दाढ काढतोय, डोकं नाही." तरीही. पोहायला शिकण्याआधी केलेले माझे मृत्युपत्र रद्द समजावे.

माझी मुख्य मिळकत म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरचा गाळा. तो आत्याने दिला. अक्षरओळखीच्या आधी तिने मला बटण लावायला शिकवले, आणि फाटलेले शिवल्याशिवाय नवे मागायचे नाही हेही. गाळ्यात मी वस्तुघर चालवते. ड्रिल, तंबू, पाळणा, मोठी पातेली, सगळे एकेकच, आणि ते इमारतभर फिरते. परत आणताना वस्तूला चिठ्ठी बांधायची: काय बिघडले, काय कुरकुरते. माझ्यामागे गाळा वस्तुघरच राहावा. तिथे पार्सलांचे गोदाम झाले तर मी भूत होऊन खोकी फोडीन. (हे वाक्य वकिलांनी काढायला सांगितले. काढलेले नाही.)

शिडी बाबांना. कारण असे. सेल लागला की बाबांचा हात थांबत नसे. आलेले खोके माळ्यावर जाई. घरची शिडी मी नियमाप्रमाणे वस्तुघरात जमा केली होती. एका दुपारी बाबा ती रीतसर उसनी घेऊन माळ्यावर चढले. त्यांची वेळ संपली, रंगाऱ्याचा नंबर होता, म्हणून मी शिडी उचलून देऊन टाकली. वर कोण आहे ते पाहिले नाही.

"अगं ए! शिडी कुठाय?"

"बाबा, तुमची वेळ संपली होती."

"मी वर आहे!"

रंगारी म्हणाला, एवढी भिंत होऊ द्या. बाबांनी वेळ घालवायला खोकी उघडली. "पाय चेपायचं यंत्र! हे मी कधी घेतलं? आणि हे रस काढायचं!"

"मग काल कुठलं आणलंत?" आई खालून.

"हेच. दुसरं."

उतरल्यावर बाबांनी सगळी खोकी वस्तुघरात आणली. त्यानंतर त्यांनी फक्त मोजे घेतले आहेत. मोजे उसने देण्याचा माझाही आग्रह नाही.

बचत आईला. माझे कपडे ज्याला येतील त्याला, बटणे तपासून. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तंबू ओलाच गुंडाळून परत केला, चिठ्ठीवर 'उत्तम' लिहून. त्यांना मी माफ करते. तंबूचे सांगता येत नाही, त्याला अजून वास येतो.

आता गाळा. तो मी वापरणाऱ्या सर्वांच्या नावे करणार होते. वकील म्हणाले, "ताई, सर्वांच्या नावे म्हणजे कोणाच्याच नावे नाही." दादा पार्सल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, म्हणून धास्तीने मी शेजारच्या शिंपीकाकांचे नाव घातले आणि दादाला साक्षीदार केले. त्याने वाचले आणि पेन खाली ठेवले.

"मी साक्षीदार होणार नाही."

"का रे?"

"साक्षीदाराला काही मिळत नाही. विचार वकिलांना."

"म्हणजे तुला गाळा हवाय? गोदामाला?"

"वेडी आहेस का? आठवडाभर खोकीच बघतो मी. रविवारी इथे एखादा बिघडलेला पंखा उघडून बसतो ना, तेवढाच वेळ मला कोणी 'कुठवर आलं?' विचारत नाही. तू नसलीस तर मी बसू कुठे?"

माझा दादा. आणि मी त्याला घाबरत होते! मी इतकी हसले की दाढ ठणकली.

शिंपीकाका म्हणाले, "घे रे बाबा. माझं एक दुकान मला आवरत नाही."

सबब, शिंपीकाकांचे नाव खोडून गाळा, शिडी सोडून त्यातील वस्तू व चिठ्ठ्यांसह, मी दादाला देत आहे. वस्तुघर तो चालवील. खोडल्या जागी माझी सही आहे.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, दोनदा. आईने एकदा, नाक मुरडत.

स्थळ: वस्तुघर
दिनांक: दाढ काढण्याची आदली संध्याकाळ
सही: मी

साक्षीदार:
१. शिंपीकाका
२. वकीलसाहेब
दादाची सही मुद्दाम घेतलेली नाही.