दसऱ्याला घासलेल्या तारा

डिंडोली, सुरत
दसऱ्याचा आदला दिवस

अहो कविताचे पप्पा,

आधी सगळं वाचा, मग रागवा. तुम्हाला अर्ध्यातच आवाज चढवायची सवय, म्हणून सांगते. तसं आता रागावलात तरी मला कुठं ऐकू येणार आहे? ऐकू आलं असतं तर बरंच झालं असतं.

घरात आत्ता मी एकटीच आहे. कविता ट्यूशनला गेलीय. साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम समोर तसंच पडलंय आणि मी तिच्या वहीचं पान फाडून बसलेय. आठवी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, हसू नका.

सकाळी तुमची गिटार घेऊन स्टेशनजवळच्या वाद्यांच्या दुकानात गेले होते. तुम्ही गेल्यापासूनचा हा पहिला दसरा. वर्ष झालं नाही म्हणून सण नाही, तोरण नाही. पण तुमच्या पांडेसऱ्याच्या मिलमध्ये उद्या मशीनची पूजा होणार, मग आपल्या घरच्या हत्याराला हळदकुंकू नको? पिसं सुटलेल्या त्या तारांसकट ती पाटावर ठेवायला मन होईना. म्हटलं, नव्या तारा घालून आणू.

दुकानातल्या काकांनी चष्मा लावला, तारेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "बेन, आ तार तो कोईए घस्या छे."

मी म्हटलं, नाही हो, कुणी कशाला घासेल, आमच्या यांच्या हाताला घाम फार यायचा, रंगखात्यात होते, त्या घामानं खाल्ल्या. तर ते हसले. म्हणाले, घामानं अशी तार जात नाही. या तारांवर प्लॅस्टिकसारखा पातळ लेप असतो. वाजवून वाजवून तो निघतो, पण जिथं बोट दाबतं आणि जिथं वाजवायची पट्टी लागते तिथंच. इथं तर वर खुंट्यांजवळसुद्धा निघालाय. तिथं वाजवणाऱ्याचा हात कशाला जाईल? आणि एकदा लेप फाटला, की साध्या तारेपेक्षा ही लवकर मरते, कारण घाम आत शिरतो आणि बाहेर येत नाही.

 नव्या तारा न घालताच गिटार उचलून घरी आले.

अहो, त्या मी घासल्या होत्या.

तुम्हाला त्या तारांचं किती कौतुक होतं! मिलमध्ये नवं मशीन बसवायला परदेशी साहेब आला होता, त्यानं जेवणाच्या सुट्टीत तुमचं वाजवणं ऐकून पाकीट हातात दिलं. म्हणाला, कसल्याही घामाला दाद देत नाहीत, सहा महिने बघायला नको. तुमच्या साध्या तारा वीस दिवसांत काळ्या पडायच्या. लग्नांच्या ऑर्केस्ट्रातले बाकीचे तुम्हाला "ॲसिडभाई" म्हणायचे आणि तुम्ही हसण्यावारी न्यायचात. पण घरी आल्यावर बोटं नाकाशी धरून वास घ्यायचात, ते मी बघत होते. त्या पाकिटातल्या तारा चढवल्या त्या दिवशी तुम्ही कविताला उचलून गोल फिरवलंत. एवढी मोठी पोरगी, लाजून मेली.

मग गेल्या वर्षीचा दसरा आला. आदल्या दिवशी तुम्ही दुसऱ्या पाळीला गेलात आणि मी घर आवरायला काढलं. समया, तांब्याचा हंडा, कात्री, तुमचे पाने, सगळं चिंच लावून काथ्यानं घासलं. शेवटी गिटार. चार जाड तारा अगदी पितळेसारख्या दिसत होत्या. आमच्या अमळनेरकडे दसऱ्याला पितळ मळकट ठेवणारी बाई फुवड म्हणतात हो. लाकडाला पाणी लागू नये म्हणून खाली वर्तमानपत्र सरकवलं आणि लावली चिंच. काथ्याला पांढरं काहीतरी लागत होतं. मला वाटलं मळ निघतोय, म्हणून आणखी जोर लावला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "चमकतायत की! काय लावलंस?"

मी म्हटलं, "काही नाही. फडक्यानं पुसल्या."

पाण्याचं नाव काढलं तर तुम्ही सणाच्या दिवशी ओरडाल, एवढीच भीती होती. एवढंसं खोटं.

आठ दिवसांत तारांना पिसं सुटायला लागली, जुन्या लुगड्याच्या काठाला सुटतात तशी. पंधराव्या दिवशी आवाज बसला. तुम्ही खाटेवर बसून दोन्ही तळवे उजेडात धरलेत. कधी लाल, कधी निळे, त्या दिवशी हिरवट होते. आणि एरवी माझ्याशी शुद्ध बोलायचा आव आणणारे तुम्ही अहिराणीत म्हणालात, "मन्हा हातमाच आता ॲसिड शे."

तेव्हाच बोलायला हवं होतं. काथ्याला लागलेलं ते पांढरं मला आठवलं होतं. खात्री नव्हती, पण चोराच्या मनात चांदणं. मी उठून भाकरी टाकायला गेले.

का गप्प बसले, तेही आज लिहून टाकते. ओरडा बसेल म्हणून नाही. त्याच आठवड्यात तुम्ही ऑर्केस्ट्रा सोडलात म्हणून. परदेशी तारही टिकली नाही, मग आता काय, म्हणालात आणि गिटार कपाटावर ठेवलीत. आणि मला आनंद झाला. लग्न होऊन सुरतेत आले तेव्हापासून लग्नसराईतली माझी एकही संध्याकाळ तुमच्याबरोबर गेली नव्हती. प्लेगच्या वर्षी सगळी सुरत पळाली, तेव्हा गाडीत आपण दोघं एका बाकावर, तरी तुमच्या मांडीवर गिटार आणि पोरगी माझ्याकडे! मी कधी म्हटलं नाही, पण मला हेवा वाटायचा त्या लाकडाचा. तुम्ही घरी बसायला लागलात आणि मला वाटलं, झालं तेच बरं झालं.

तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. तुम्ही घरी होतात, पण मुके. जेवायच्या आधी साबण, नंतर साबण, मग लिंबू चोळणं. जाता येता माझ्या गालावरून हात फिरवायचात, ते बंद केलंत. मला वाटलं, माझ्यावर राग आहे. राग नव्हता ना? तुम्हाला वाटत होतं, लोखंड खाणारा हात बाईच्या तोंडाला कशाला लावायचा.

मग कावीळ झाली. सिव्हिलमध्ये शेवटच्या दिवशी मी तुमचा हात धरायला गेले, तर तुम्ही तो चादरीखाली ओढून घेतलात. "राहू दे," म्हणालात, "धुतला नाही."

मी तेव्हासुद्धा सांगितलं नाही हो. काय झालं असतं सांगून? एक शिवी दिली असती तुम्ही मला. आणि हात दिला असता.

आता घरातलं सांगते. कविताचेही तळवे ओले असतात. पेपर लिहिताना हाताखाली रुमाल लागतो. परवा तिला म्हटलं, पप्पांची गिटार खाली काढ, वाजवून बघ. तर म्हणाली, "नको मम्मी. मारा हाथ पप्पा जेवाच छे, त्यांच्यासारखेच, मी पण तारा खराब करीन." आणि हात पाठीमागे घेतले. अगदी तुमच्यासारखे.

माझं एक खोटं तुम्ही जाताना घेऊन गेलात आणि तेच तिच्यासाठी ठेवूनही गेलात. आता तरी माझं तोंड उघडायला नको?

कविता आली की तिला समोर बसवून सगळं सांगेन. काथ्या कुणी फिरवला, फडकं म्हणून खोटं कोण बोललं आणि कशासाठी गप्प बसलं, तेही. चिडेल ती. तुमच्यावर जीव होता तिचा, मला माफ करेलच असं नाही. चार दिवस बोलली नाही तर या घरात मग कुणाचाच आवाज राहणार नाही. ते मी सोसेन. पण तुमचे हात चांगले होते, हे तिला माझ्याच तोंडून कळेल. आज, जेवायच्या आधी.

तुमचीच,
मंगल