सगळी पांढरी फुलं

अण्णा,

मागच्या महिन्यात नांदेडच्या घरापुढची जागा मोकळी झाली आणि मी बाग आखायला घेतली. तगर, कुंद, मोगरा, अनंत, कुंपणाला पांढरी कण्हेर. आखून झाल्यावर लक्षात आलं, एकही रंगीत फूल नाही. तुमच्या लातूरच्या अंगणासारखंच.

त्या अंगणानं आपल्या घरात किती संशय आणला, ते तुम्हाला कधी पुरतं कळलं का? एका रविवारी तुम्ही आईची लाल जास्वंद मुळासकट काढून शेजारी देऊन टाकलीत. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी, हात पिठाचे.

"देवाला काय वाहू आता?"

"तगर हाय की."

"कुणाची आवड हाय ही, तेवढं सांगा."

"माझीच. दिवसभर डाळ मिलमध्ये पिवळी धूळ बघतो. घरी तरी पांढरं बघू दे."

"लगीन झाल्यापासून एक गजरा आणला न्हाई तुमी. अन् आता फुलांची आवड?"

तुम्ही हसलात. तिथंच चुकलात.

त्यानंतर आई देवाला बाजारातून झेंडू आणायची. पुढच्या वेळी तुम्ही रोपं आणायला निघालात, तेव्हा तिनं मला सोबत पाठवलं. "कोण काय बोलतंय, ध्यान ठेव." मी स्कूटरवर मागे बसलेय आणि तुमच्या पाठीकडेसुद्धा संशयानं बघतेय. रोपवाटिकेतली बाई तुम्हाला पाहताच म्हणाली, "या, तुमचा अनंत बाजूला ठेवलाय." मी घरी येऊन ते शब्द जसेच्या तसे सांगितले. दुसऱ्या दिवशी आई ऑटो करून एकटीच तिथं गेली. परत आली, तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "नातू मांडीवर घेऊन बसलीय ती. ती न्हाई. दुसरी कुणीतरी असंल."

तुम्ही गेलात, तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईकडे ती पदराआडून बघत होती. मीही बघत होते. बाग मात्र तिनं शेवटपर्यंत जगवली, उन्हाळ्यात टँकरचं पाणी घालून. एक रोप जळू दिलं नाही, आणि एक फूल तोडलं नाही.

परवा माझे यजमान माझ्या आखणीवर वाकून म्हणाले, "सगळं पांढरंच? कुणाला आवडतं एवढं?"

"मलाच."

त्यांनी वर पाहिलं, जरा जास्तच वेळ. माझ्याकडे दुसरं काही उत्तर नव्हतं. खरंच नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, तुम्हीही खरंच बोलत होतात. जेवणं होईपर्यंत तो विश्वास टिकला.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून सांगते. अजूनही लातूरला लग्नाला गेले, की तुमच्या वयाच्या अनोळखी बायकांशेजारी जाऊन बसते. गावाच्या, पावसाच्या गप्पा काढते आणि मध्येच मुद्दाम तुमचं नाव घेते. कुणी चपापतं का, ते बघायला.