दीड मीटर बर्फ

९ जून
पोहोचले एकदाची! धाकट्यानेच विमानातून आणून सोडलं. बहिणीला नोकरीवर पोहोचवायला भावाने समुद्रावरच्या बर्फावर विमान उतरवलं, हे ऐकून आईचे डोळेच पांढरे होतील. या बर्फाने कित्येक उन्हाळे पचवलेत. त्यातलं मीठ झिरपून गेलंय, वितळवला की चहाला चालतो. आलेलं ऊन तो माघारी पाठवतो. तो संपला की काळं पाणी तेच ऊन पीत राहणार आणि साऱ्या जगाचं हवामान बिघडणार. माझं काम सोपं आहे. रोज सकाळी भोकातून मोजपट्टी सोडायची, टोकाचा पितळी दांडा बर्फाच्या तळाला अडकला की आकडा वाचायचा. आज दोन मीटर सात सेंटिमीटर. दीड मीटरच्या खाली विमान उतरवायचं नाही, असा नियम आहे. निघताना धाकटा म्हणाला, पुढच्या खेपेला लाल चादर हलव, म्हणजे बर्फ पक्का समजून उतरेन.

१७ जून
एक मीटर नव्वद. पण खोलीचं दार लागत नाही आणि सांडलेला चहा एकाच कोपऱ्यात धावतो. एवढ्या जाड बर्फावर केबिन कलते कशी? तळाच्या साहेबांना सांगितलं. म्हणाले, दार तासून घ्या. दार! मी काय सांगतेय, हा माणूस काय ऐकतोय!

२५ जून
एक मीटर पंच्याहत्तर. पट्टी तपासू द्या म्हटलं, तर म्हणे ती माझ्या नोकरीपेक्षा जुनी आहे. दुसरं भोक पाडायलाही परवानगी नाही. पालथ्या घड्यावर पाणी. रागाने रडू फुटलं. आमचे आचारी, काका म्हणते मी त्यांना, चहा ठेवून गेले.

१ जुलै
एक मीटर बासष्ट. रेडिओवर धाकट्याने विचारलं, ताई, परवा उतरू ना? मी आकडा सांगितला. चादर काकांकडे दिलीय. मी कामात असले तर विमान दिसताच हलवा, म्हटलं.

३ जुलै, सकाळी
पट्टीच्या टोकाला गुंडाळलेली चिंधी आज सुटली. दांड्यापाशी शून्य नाही, शंभर आहे.
काका म्हणाले, पहिला मीटर तुटून जमाना झाला. आधीचे साहेब एक वजा करायचे. मला वाटलं, तुम्हीही करताच.
वाचला होता एक मीटर अठ्ठावन्न. म्हणजे नुसते अठ्ठावन्न सेंटिमीटर —

थोड्या वेळाने
साहेब म्हणतात, रेडिओची वेळ दुपारची. रेडिओच्या खोलीची किल्ली मी त्यांच्या हातून हिसकावून घेतली. हाका मारतेय आणि लिहितेय, नंतर कुणी कानावर हात ठेवायला नको —
धाकटा उत्तर देत नाही. नुसती खरखर.
इंजिनाचा आवाज —
खिडकीतून काका दिसताहेत. पळताहेत. हसताहेत. हातात लाल —
काका, नको — मीच तर सांगितलं होतं —