फरशी कोरडी होती

लिहून ठेवणारी मी, कोपऱ्यावरच्या खानावळीची मालकीण, गिऱ्हाइकांची काकू, वय वर्षे एकाहत्तर. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला लिहिताना त्यांच्या किटलीची वायर उघडी पडल्याचं मीच त्यांना दाखवलं, त्यामुळे त्यांनाही शंका उरली नाही. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. दडपण आणणारी माणसं माझ्याआधीच गेली. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही आणि यानंतर करणार नाही.

कलम १. खानावळीच्या वरच्या दोन खोल्या, कपाट आणि बँकेत असेल ते, सगळं माझ्या पुतणीला. ती माझ्या धाकट्या जावेची मुलगी. नऊ वर्षांची असल्यापासून मी तिला वाढवलं आणि ती मला आई म्हणते. कलम सहा वाचल्यावर तिला तसं म्हणवलं नाही, तरी खोल्या तिच्याच.

कलम २. माझ्या तिन्ही सुऱ्या पुतणीला. त्यांना वेळच्या वेळी धार लावावी. बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की ती घसरते. माझ्या डाव्या तर्जनीचं टोक अशाच सुरीने नेलं, तेही लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात. सासूबाई म्हणाल्या, सुरुवात तर चांगली झाली.

कलम ३. पाच वर्षं 'उद्या येतो' म्हणणाऱ्या शेगडी दुरुस्तीवाल्याला आमच्या गॅसची जुनी तडकलेली नळी द्यावी. ती मी शेवटी दुसऱ्याकडून बदलून घेतली. हा माणूस गळती साबणाच्या फेसाने न बघता काडी ओढून बघतो. अजून जिवंत आहे ते नशिबाने, अकलेने नव्हे.

कलम ४. माझ्या दिराला काही नाही. बायको गेल्यावर वर्षाच्या आत तो मुलीला माझ्या पदरात टाकून निघून गेला. त्याबद्दल मी त्याला शिव्या दिल्या असत्या, पण मुलगी मला मिळाली.

कलम ५. खानावळ, भांड्याकुंड्यांसह, अर्धी पुतणीला आणि अर्धी मावशीला. मावशी म्हणजे एकतीस वर्षांपूर्वी आमच्याकडे भांडी घासणारी, फरशी पुसणारी बाई. मावशीच्या हिश्शाला कसलीही अट नाही. तिने तो ठेवावा, विकावा नाहीतर माझ्या फोटोवर फेकून मारावा.

पुतणीच्या हिश्शाला मात्र अटी आहेत. कढईचा दांडा शेगडीबाहेर येऊ देऊ नये. ओल्या फडक्याने गरम भांडं उचलू नये, वाफ हाताला सोडत नाही. तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करून झाकण घालावं, पाणी ओतू नये. मोरी साफ करायचा सोडा पाण्याच्या बाटलीत भरू नये. आणि उकळतं भांडं घेऊन कोणाच्या पाठीमागून जायचं असेल, तर आधी मोठ्याने 'गरम' म्हणावं.

हा शेवटचा नियम मी केलेला. माझ्या स्वयंपाकघरात तो सासूबाईंनाही लागू होता.

कलम ६. हे कलम पुतणीने स्वतः, मावशीला समोर खुर्चीवर बसवून, मोठ्याने वाचावं.

तुझी आई आणि मी मिळून खानावळ चालवत होतो. एकदा तिने मिठाची बरणी आणि सोड्याची बरणी शेजारी शेजारी ठेवली. मी तिला गिऱ्हाइकांसमोर झापलं. तीही गिऱ्हाइकांसमोरच म्हणाली, "ताई, तुमच्या हाताला चव नाही, नुसते नियम आहेत." लोक हसले. मला ते फार झोंबलं, कारण खरं होतं. मी अबोला धरला.

अबोला अकरा दिवस चालला. काम तर अडून चालत नव्हतं, म्हणून मी जे बोलायचं ते मावशीमार्फत बोलायची. मावशी, तिला म्हणावं कांदा संपलाय. मावशी, तिला म्हणावं गरम येतंय. तुझी आई दोन हातांच्या अंतरावर उभी असायची, तरी निरोप मावशीच्या तोंडून जायचा. मावशी बिचारी दोघींच्या मध्ये गोफणीसारखी फिरायची.

बाराव्या दिवशी दुपारी मी उकळत्या पाण्याचं मोठं पातेलं उतरवलं. तुझी आई पाठमोरी, ओट्याशी चिरत होती. मावशी सालं टाकायला मागच्या दारी गेली होती. निरोप द्यायला कोणी नव्हतं. मी पातेलं हातात धरून मावशीची वाट पाहिली. मग हात भरून आले आणि मी तशीच निघाले, तोंड न उघडता. तुझी आई चिरलेलं घेऊन वळली.

पुढचं तुला माहीत आहे. ती नऊ दिवस इस्पितळात होती. अबोला तिनेच मोडला. पहिल्या संध्याकाळी तिने विचारलं, "ताई, तुम्हाला कुठे भाजलं का?" माझ्या पायावर करंगळीएवढा फोड होता.

चौकशी झाली तेव्हा लोक म्हणाले, फरशी ओली होती, पाय घसरला असणार. ओली तर होतीच, अख्खं पातेलं तिच्यावर सांडलं होतं. त्याआधी ती कोरडी होती. मावशीने ती पुसून कोरड्या फडक्याने टिपली होती. ती हवालदाराला तसं सांगत राहिली आणि मी शेजारी उभी राहून गप्प बसले. दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं. जाताना ती मला एवढंच म्हणाली, "बाई, तुम्ही हाक मारली नाहीत." नंतर तिला या गल्लीत कोणी काम दिलं नाही.

तू पंधरा वर्षांची असताना मावशी बाजारात भेटली. तू सगळ्यांसमोर ओरडलीस, "हिच्यामुळे माझी आई गेली." मावशी पिशवी खाली ठेवून उभी राहिली, माझ्याकडे बघत. मी तुझा हात ओढला आणि म्हटलं, चल, उशीर होतोय.

तुझ्या आईला मी मारलं. मावशीला मी जिवंत ठेवून मारलं. हे तुला तोंडाने सांगण्याची माझी हिंमत नाही. तू उठून जाशील, ही भीती मला आजही आहे, म्हणून मी मेल्यावर सांगते आहे. मी भित्री आहे.

फरशी कोरडी होती. हे वाक्य मावशीकडे बघून पुन्हा एकदा वाच.

कलम ७. या स्वयंपाकघरात कोणी कोणाशी अबोला धरू नये. भांडावं, शिव्या द्याव्यात, पण बोलावं. वकील म्हणतात ही अट कोर्टात टिकणार नाही. मी म्हटलं, तरी लिहा.

मावशीलाच साक्षीदार करायचं मनात होतं, पण जिला काही मिळायचं आहे तिने सही करू नये असं वकिलांनी सांगितलं. एकतीस वर्षांपूर्वी तिची साक्ष कोणी धरली नाही आणि आजही ती घेता येत नाही.

आज सकाळी मी ओट्याशी पाठमोरी उभी होते. पुतणी मोठं पातेलं उतरवून माझ्यामागून गेली. कालपासून ती माझ्यावर चिडलेली आहे, औषध घेतलं नाही म्हणून. तरी म्हणाली, "आई, गरम." मी बाजूला झाले.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे.

सही: खानावळवाली काकू

साक्षीदार १: शेजारचा शिंपी (सही)
साक्षीदार २: औषधाच्या दुकानातल्या बाई (सही)

ठिकाण: खानावळीचं स्वयंपाकघर, ओट्यासमोरचं टेबल
दिनांक: ११ मार्च २०१९, सोमवार