आम्ही म्हणजे अकरा जण

फादर गेरार्ड,

तुमच्या ऑफिसातली नोरीन काल फोनवर म्हणाली, "रोझेलाबाई, चार शुक्रवार झाले, गर्भपाताच्या दवाखान्यासमोर जपमाळेच्या प्रार्थनेला तुम्ही नाही. पोटातल्या बाळांचा विसर पडला का?"

मी म्हटलं, "थांब गं, बाहेर आलेल्याचं नाक पुसते आधी."

दोन वर्षांपूर्वी त्याच फुटपाथवर शेना नावाची पोर रडत उभी होती. तुम्ही शिकवलं होतं तसंच मी म्हणाले, "बाळ ठेव, आम्ही आहोत."

तिनं विचारलं, "आम्ही म्हणजे कोण?"

मी मागे उभ्या अकरा जणांकडे बोट दाखवलं. त्यात तुम्हीही होता. ती दवाखान्यात न जाता परत फिरली.

अकरा जणांनी महिनाभर डायपर दिले, तिच्या बाळाच्या, मायलोच्या, बाप्तिस्म्याचा केक खाल्ला आणि ते पुन्हा फुटपाथवर जाऊन उभे राहिले. शेना गोदामात कामाला जाते, म्हणून सकाळी सहापासून मायलो माझ्याकडे असतो. मी एकाहत्तर वर्षांची आहे, फादर.

तिला जे बोलले ते मी आजही मानते. पण मी माझ्या एकटीच्या वतीनं बोलले नव्हते.

आत्ता तो माझ्या मांडीवर झोपलाय. हे पत्र टपालपेटीत टाकायला उठले तर जागा होईल. माझी प्रार्थना आता एवढीच उरली आहे: देवा, याला अजून तासभर झोपू दे.

अजूनही तुमच्याच चर्चची,
रोझेला डुडेक