बारा व्होल्टचा वारा

१६ मे, गुरुवार
राहुरी. तापमान बेचाळीस. लेकीने, रुचाने, पुण्याहून हॅमॉक पाठवला, दोन झाडांना बांधून झोपायचा झोपाळा. पॅराशूटचं कापड आहे म्हणे. लगेच बायकोला, लीनाला म्हटलं, यंदा बहिणीकडे नाशिकला जाऊ नकोस, आपण दोघं कॅम्पिंग करू. ती हसली नाही, हे चांगलं लक्षण. म्हणाली, एक शनिवार देते. उकडलं तर रविवारी सकाळच्या एसटीने सविताकडे, तिच्या एसीत, पंधरा दिवस.

दर मे महिन्यात जाते. दर वेळी मी म्हणतो, खुशाल जा, मला काही फरक पडत नाही. पडतो. घर खायला उठतं. हे फक्त इथे लिहितोय.

उपाय सोपा आहे. बॅटरीवरचा पंखा, घरी बनवलेला. बारावीला दोन मार्क कमी पडले म्हणून कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क झालो, नाहीतर इंजिनिअरच होतो. उद्यापासून रोज सकाळी सहाला उठून काम.

१७ मे, शुक्रवार
साडेआठला उठलो. उकाड्याने झोप लागत नाही, त्याला मी काय करणार.

१८ मे, शनिवार
जागेची पाहणी. ओळखीच्या गहिनीनाथच्या शेतात कांदा साठवायच्या चाळीजवळ दोन कडुलिंब आहेत, बरोबर हॅमॉकच्या अंतरावर. त्याची आई, भागूबाई, सावलीत कांदा निवडत बसली होती. नातू लुगड्याच्या झोळीत, झोळीची दोरी हिच्या पायाच्या अंगठ्याला. हात कांद्यात, पाय झोक्यात.

हॅमॉक बघून विचारते, एवढी मोठी झोळी कुनाला, भाऊसाहेब? समजावून सांगितलं, पंख्याचंही सांगितलं. तर म्हणे, पंका कशापायी? दोरी बांदा न् वडा, वारा आपसूक लागतो. मी हसून सोडून दिलं. झोळी वेगळी, हॅमॉक वेगळा. हॅमॉकमागे विज्ञान असतं.

घरी आलो तर लाईट नाही. शनिवारचं मेंटेनन्स. सकाळी सातला जाते, संध्याकाळी येते. दर आठवड्याची बोंब, पाठ झाली आहे.

१९ मे, रविवार
शेजारच्या छोट्या ओमची खेळण्यातली मोडकी गाडी मागून आणली, तिची मोटर काढली. तेलाचा रिकामा कॅन कापून पाती केली. चार पेन्सिल सेल. फिरला! पण वारा पुढे येण्याऐवजी मागे भिंतीकडे. लीना म्हणाली, भिंतीला बरं वाटत असेल.

पाती उलट्या बाजूला वाकवली. तेवढ्यात गहिनीनाथचा फोन आला, त्यालाही सांगितलं. म्हणाला, नुसत्या वायरी उलट्या करा की. हे मला माहीत होतंच. वायरीही उलट्या केल्या. वारा पुन्हा भिंतीकडे. दोन्ही गोष्टी एकदम करायच्या नसतात हे त्याने सांगायला हवं होतं. अर्धवट सल्ला देणारे लोक.

२१ मे, मंगळवार
मोटर जळाली. मोटरच हलकी होती.

लीनाने बॅग माळ्यावरून काढली. नुसती झटकून ठेवतेय म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

२२ मे, बुधवार
नवीन डिझाईन. ऑफिसच्या भंगारातल्या तीन कॉम्प्युटरचे पंखे, रीतसर विचारून आणले. बॅटरी गहिनीनाथच्या फवारणी पंपाची, बारा व्होल्ट. तो म्हणाला, तयार फॅन भेटतो की मार्केटात. म्हटलं, प्रश्न पंख्याचा नाही. त्याला कळलं नाही. बॅटरी दिली, वर म्हणाला, जुनी हाय, लई ताणू नगा, न् सोमवारी परत द्या, भेंडीवर मावा पडलाय.

बॅटरीला औषधाचा वास येतोय. लीना म्हणाली, मला काय कीड समजता का. ओल्या फडक्याने तीनदा पुसली. आता औषध आणि ओलं फडकं असे दोन वास येतात.

२४ मे, शुक्रवार, रात्री ९
पंखा तयार. पीव्हीसी पाइपवर तिन्ही पंखे ओळीत, हॅमॉकच्या दोरीला डोक्याशी अडकवायचे. बटण दाबलं. कॅलेंडरचं पान हललं. लीनाने समोर तोंड धरलं, डोळे मिटले आणि म्हणाली, येतोय की हो. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. असा आवाज मी फार वेळा ऐकलेला नाही.

आता फक्त बॅटरी किती तास पुरते ते बघायचं. खरा इंजिनिअर टेस्टशिवाय फील्डवर जात नाही. पंखा चालू ठेवून झोपतो. सकाळी उठून चार्जिंगला लावीन.

२५ मे, शनिवार, सकाळी ७.१०
टेस्ट यशस्वी. बॅटरी पाच वाजेपर्यंत पुरली. सात वाजता चार्जिंगला लावली. सात वाजून दोन मिनिटांनी लाईट गेली.

आज शनिवार.

सकाळी ७.४०
कॅम्प पुढे ढकलावा का? लीनाने डबा भरला आहे. बॅगही भरली आहे, दाराशी ठेवली आहे. बॅटरी थोडा वेळ स्वस्थ ठेवली की आपोआप भरते असं कुठेतरी वाचलंय. जायचं.

दुपारी १.३०
हॅमॉक उत्तम बांधला. लीना आडवी झाली, डोळ्यांवर ओढणी घेतली. बटण दाबलं. पंखा साडेतीन वेळा फिरला. लीना म्हणाली, अहो, लावा ना. म्हटलं, गरम होतोय. ती म्हणाली, मीही.

भागूबाई चाळीतून बघत होती. कांद्याच्या गोण्या बांधायची सुतळी तेवढी माझ्याकडे सरकवली.

दुपारी २.१५
लीनाला सांगून ठेवलं की पंख्याच्या जोरामुळे हॅमॉक थोडा हलेल, न्यूटनचा नियम आहे. सुतळी हॅमॉकच्या कडेला बांधली, लिंबाच्या खोडामागे बसलो आणि ओढायला लागलो. पाच मिनिटांनी ओढणीखालून आवाज आला, आता छान लागतोय. बंद करू नका हं.

दुपारी ४.२०
सलग दोन तास चालला. एकदाही बंद पडला नाही. मध्ये सुतळी पायाच्या अंगठ्याला बांधून बघितली, ते भागूबाईलाच जमतं. डावीकडून एक मुंगळा चढला, तरी वेग कमी केला नाही. लीना घोरली. इतक्या गाढ झोपेत तिला मी खूप दिवसांनी बघितलं. बरं वाटलं.

संध्याकाळी ७.३०
अंधार पडताना धरणाकडून वारा सुटला, आता पंख्याची गरजच नाही.

२६ मे, रविवार, सकाळी ९
यश. नाशिकची एसटी गेली, लीना गेली नाही. बॅग उघडून साड्या कपाटात लावल्या. मी पेपर उघडून बसलो. शोध लावणाऱ्याने नम्र असावं.

मग तिने सविताला फोन लावला. मी पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर धरून ऐकत होतो. म्हणाली, पंखा कसला चालतोय, हेच खोडामागे बसून ओढत होते. मला लगेच कळलं, सुतळीला कांद्याचा वास येत होता. म्हटलं, बघू किती वेळ ओढतात. दोन तास गं. मला नंतर रडूच यायला लागलं, म्हणून घोरल्याचं सोंग केलं.

मग म्हणाली, तूच ये इकडे. हो, आठ दिवस. रुचाला सांगते दुसरा हॅमॉक पाठवायला.

बॅटरी आज फुल चार्ज झाली, हिरवा दिवा लागला. लीनाला दाखवली. म्हणाली, ती गहिनीनाथला देऊन टाका. सुतळी तेवढी ठेवा.

अक्षर वाईट आलंय. उजवा खांदा उचलला जात नाही, डाव्या हाताने लिहितोय. सविता बुधवारी येते. तोपर्यंत डावा हात तयार करायला हवा.