तोंडावाटे काही नाही

९ फेब्रुवारी
ऑपरेशन करून सुमनचं जठर काढलं त्याला सोळा दिवस, घरी आणून सहा. सकाळी दोन चमचे पेज. उलटी. दुपारी परत दिली, नको म्हणत होती तरी. ओरडलोच, "खाल्ल्याबगर ताकद खंयसून येतली?" मुकाट गिळली. पुन्हा उलटी. तीस वर्षं कट्टा गावच्या बाजारात खानावळ चालवली हिने. कुणाला कधी जबरदस्तीने वाढलं नाही. आणि मी...

१० फेब्रु.
सकाळी अंग तापलेलं. डावी कूस धरून बसली, श्वास घेताना कळ. गोव्याला डॉक्टरांना फोन. "लगेच घेऊन या." शेजारच्या सुहासची गाडी. इन्सुलीच्या नाक्यावर तपासणीची रांग. सुहास उतरून पोलिसाशी बोलला, सोडलं. सुमन काचेला डोकं टेकून. वाटेत एकदाच बोलली, "माझी सुकत घातलेली साडी दोरयेरच रवली."
तोच वॉर्ड. खाट दुसरी. सिस्टर म्हणाली, "आलात परत?" प्रेमानेच म्हणाली. तरी लागलं.

११
स्कॅन झाला. अन्ननलिका आतड्याला जोडली आहे, तिथे गळती. आत पू. कुशीतून नळी घातली. खाटेला पाटी लावली: तोंडावाटे काही नाही. मी भरवलेली पेज कुठे गेली असेल? विचारायचा धीर झाला नाही.

१३
ताप उतरत नाही. ओठ फुटलेत. ओला कापूस फिरवतो, ती तो चोखते.
"एकच चमचो पाणी. मी कोणाक सांगूचंय नाय."
नाही म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा. मग हात जोडले. माझ्यापुढे, हिने.
दिलं. एक चमचा. डोळे मिटून कितीतरी वेळ तोंडात धरून ठेवलं.

१४
नळीतून गढूळ जास्त येतंय. डॉ.नी विचारलं, "काही प्यायला दिलंत का?"
"नाही."
सुमन छताकडे बघत राहिली.

१५
राहवेना. डॉक्टरांना जिन्यात गाठून सांगितलं. ते थांबले. "एका चमच्याने भोक पडत नाही, काका. ते आधीचंच आहे. पण विचारलं की खरं सांगा." मी मान हलवली. मग म्हणाले, नळीने भागत नाही, उद्या पुन्हा उघडावं लागेल. बरी होईल ना, विचारलं. "प्रयत्न करू." सही केली. अक्षर माझंच वाटेना. मुलीला, नीताला, पुण्याला फोन केला. पहाटेच्या बसने निघते म्हणाली.
सुमनला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "पाण्याचा सांगलात?"
"सांगलंय."
"ओरडले तुमका?"
"नाय गो."
"मगे बरा."

१६
दहाला आत नेली. दारापर्यंत हात धरला होता, मग ट्रॉलीवाल्याने सोडवला.
नीताची बस अजून वाटेत. तीनदा फोन. काय सांगू तिला?
दारातला माणूस अधूनमधून येऊन नाव पुकारतो. दरवेळी उठून उभा राहतो. आता साडेचार. दार उघडलं, उठलो. बाकावर शेजारी बसलेल्या बाईंच्या माणसाचं नाव होतं. त्या पिशवी उचलून धावत गेल्या.
बाकावर आता मी एकटा. सुमनचं नाव अजून पुकारलेलं नाही.